काही दिसलं नाही, हेही लिहा

भारतातून कुणी आलं की आपण त्यांना नेतो त्या ठिकाणांची यादी ठरलेली असते. लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, आणि बरोबर मुलं असतील तर साउथ केन्सिंग्टनचं नॅचरल हिस्टरी म्यूझियम. तिथे दारातून आत शिरलं की छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. नाव ‘होप’, लांबी २५ मीटरच्या वर. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये त्याच्याखाली उभं राहून काढलेला एक तरी फोटो असेलच.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे वडील आले होते. आबा मालगुंडचे, म्हणजे गणपतीपुळ्याच्या शेजारच्या गावचे. आयुष्यभर शाळामास्तर. होपखाली सगळे फोटो काढत होते, तेव्हा आबा मान वर करून नुसते बघत राहिले. मग विचारलं, “हा मेला कसा?”

फलकावर उत्तर होतं. १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ वाळूत अडकला. २०१७ पासून या दालनात आहे.

“म्हणजे आपल्या पिल्लासारखाच,” आबा म्हणाले.

आबांचं ‘आपलं पिल्लू’ म्हणजे २०२३ च्या दिवाळीतलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू येऊन अडकलं. पिल्लू म्हणायचं, पण लांबी वीसेक फूट आणि वजन काही टन. फराळाची ताटं तशीच टाकून माणसं किनाऱ्यावर गेली. गावकरी, मच्छीमार, वनखातं, तटरक्षक दल, पशुवैद्य, सगळे दीड-दोन दिवस झटत होते. त्याच्या अंगावर पाणी ओतत होते, भरतीची वाट बघत होते. शेवटी बोटीने ओढून त्याला खोल पाण्यात सोडण्यात यश आलं. आबांनी फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन आला. पिल्लू मेलेलं सापडलं होतं.

“ते आलं कुठून, त्याची आई कुठे, दर वर्षी या समुद्रातून असे किती जातात, कुणाला विचारायचं?” हे त्यांनी तेव्हा विचारलं होतं आणि होपखाली पुन्हा विचारलं. लंडनच्या त्या भव्य दालनात याचं उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलेली लेक डिस्ट्रिक्टची सहल रद्द केली आणि स्कॉटलंडला मल बेटावर गेलो. तिथे टोबरमोरी गावात एक छोटंसं देवमाशांचं संग्रहालय आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

ओबनहून फेरी घ्यायची, पन्नासेक मिनिटांत क्रेगन्यूरला उतरायचं आणि तिथून अरुंद रस्त्याने वीसेक मैल उत्तरेला जायचं. बंदराच्या कडेने लाल, पिवळी, निळी घरं एका ओळीत उभी आहेत. ज्यांची मुलं दोन हजारच्या दशकात इथे लहान होती त्यांना हे गाव ओळखीचं वाटेल, कारण बीबीसीची ‘बालामोरी’ मालिका इथेच चित्रित झाली. त्याच मुख्य रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत, हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्टचं केंद्र आहे. संस्था १९९४ ची. होपच्या दालनात अशी कितीतरी केंद्रं मावतील. एक फेरी मारायला दहा मिनिटं पुरतात. आम्ही तिथे दोन तास होतो.

आबांना धरून ठेवलं ते ओर्कांच्या फोटोंनी. ओर्का म्हणजे ज्याला किलर व्हेल म्हणतात तो. खरं तर तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. ओर्काच्या पाठीवरचा उभा पर, त्याच्यावरच्या खाचा आणि त्यामागचा पांढुरका डाग प्रत्येकाचा वेगळा असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. त्यावरून एकेकाची ओळख पटते आणि नाव ठेवलं जातं. स्कॉटलंड-आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वावरणारा एक छोटा कळप आहे. त्यातल्यांची नावं जॉन को, अक्वेरियस, कॉमेट, फ्लॉपी फिन, निकोला, मनीपेनी, लुलू. जॉन कोच्या पराला बुडाशी मोठी खाच आहे, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो.

“हा तर वर्गाचा हजेरीपट,” आबा म्हणाले.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिने सगळी नावं वाचली आणि इंग्रजीत विचारलं, “यांची बाळं कुठे आहेत?”

काउंटरवरच्या स्वयंसेविका बाईंनी उत्तर दिलं, ते मी आबांना मराठीत सांगितलं. या कळपावर तीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं जातंय. तेवढ्या काळात त्यात एकही पिल्लू कुणी पाहिलेलं नाही. शेजारच्या समुद्रातल्या ओर्कांशी हा कळप मिसळताना दिसत नाही. एकेक जण दिसेनासा होत गेला. अलीकडच्या वर्षांत फक्त दोघे दिसतात, जॉन को आणि अक्वेरियस. दोघेही नर.

लुलूचं काय झालं, ते कळलेलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती टायरी बेटाच्या किनाऱ्यावर मेलेली सापडली. मासेमारीच्या दोरांत अडकून तिचा जीव गेला होता. शवविच्छेदनात दुसरी गोष्ट समोर आली. तिचं वय किमान वीस वर्षं होतं, पण तिला कधीही पिल्लू झालेलं नव्हतं. तिच्या चरबीत एका किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी सापडलं. नऊ मिलिग्रॅमच्या पुढे समुद्री सस्तन प्राण्यांना अपाय होऊ लागतो असं मानतात. म्हणजे शंभरपटींहून जास्त. पीसीबी ही एकेकाळी विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, रंगांत वापरली जाणारी रसायनं. ब्रिटनमध्ये १९८१ मध्येच त्यांच्या नव्या वापरावर बंदी आली. पण ती लवकर नष्ट होत नाहीत. लहान जिवांतून माशात, माशातून सीलमध्ये, सीलमधून ओर्कात अशी साठत जातात, प्रजननाची शक्ती कमी करतात, आणि पिल्लू झालंच तर आईच्या दुधातून त्याच्यातही उतरतात. बंदी आल्यानंतर कितीतरी वर्षांनीही लुलूला ते विष भोगावं लागलं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण पिल्लू नाही, हे यांना कळलं कसं? नसलेलं दिसतं कसं?”

मला वाटतं, संग्रहालयात यायचं ते या प्रश्नासाठी. एखाद्याने एकदा समुद्राकडे पाहिलं आणि पिल्लू दिसलं नाही, तर त्याला काही अर्थ नाही. शेकडो माणसांनी तीस वर्षं पाहिलं, प्रत्येक वेळी लिहून ठेवलं, फोटो जुळवून बघितले आणि तरी दिसलं नाही, तर त्या ‘नाही’ला वजन येतं.

या लिहून ठेवणाऱ्या माणसांवरच संस्था चालते. तिच्याकडे ‘सिल्यूरियन’ नावाची शिडाची बोट आहे. उन्हाळ्यात ती बेटांमधून फिरते. तिच्यावर संशोधकांबरोबर सामान्य लोक असतात. पैसे भरून आठ-दहा दिवस जातात, आळीपाळीने डेकवर उभं राहून पाण्यावर नजर ठेवतात, बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या पाण्याखालच्या मायक्रोफोनमधून डॉल्फिन आणि पॉरपॉइजचे आवाज ऐकतात, स्वयंपाक करतात, भांडी घासतात. बेटांवरच्या शाळांतली मुलंही या बोटीवर येऊन शिकतात. ज्यांना बोटीवर जाता येत नाही त्यांच्यासाठी ‘व्हेल ट्रॅक’ नावाचं ॲप आहे. किनाऱ्यावरून, फेरीच्या डेकवरून जे दिसेल ते कुणीही नोंदवू शकतं.

त्या ॲपमधली एक गोष्ट बाईंनी मुद्दाम दाखवली. आपण पाहायला सुरुवात केली की तसं त्यात सुरू करायचं, थांबलो की बंद करायचं. मध्ये काहीच दिसलं नाही तरी ती नोंद पाठवायची. किती वेळ आणि कुठे पाहिलं हे माहीत असल्याशिवाय, काय दिसलं याचा हिशेब लागत नाही. लोक फक्त दिसलेलंच कळवू लागले तर जिथे माणसांची गर्दी तिथेच देवमासे जास्त, असा खुळा नकाशा तयार होईल.

“बरोबर आहे,” आबा म्हणाले. “हजेरी घेताना जो आलेला नाही त्याच्यापुढेही खूण करावीच लागते. चौकट कोरी ठेवली तर साहेब विचारणार, मास्तर, त्या दिवशी हजेरी घेतली होती का?”

या नोंदींचं पुढे काय होतं, हेही तिथे कळतं. मिंके हा इथे उन्हाळ्यात दिसणारा, सात-आठ मीटरचा देवमासा. तो आणि बास्किंग शार्क यांच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटलंड सरकारने ‘सी ऑफ द हेब्रिडीज’ हे संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. त्यामागे याच बोटीवरच्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. लुलू अडकली तशा दोरांवरही काम चालू आहे. इथे खेकडे, लॉब्स्टर, प्रॉन्स पकडायला पिंजरे एका लांब दोराला बांधून तळाशी सोडतात. दोन पिंजऱ्यांमधला दोर हलका असला की वर तरंगून त्याची कमान होते आणि त्यात देवमासा अडकतो. तोच दोर जड असला तर तळाशी पडून राहतो. असे बुडणारे दोर वापरून पाहणारे स्वतः मच्छीमारच आहेत. जाळी फाडतात म्हणून गाद्यांना शिव्या देणारे मच्छीमार आबांनी लहानपणापासून पाहिलेत. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. त्यामुळे त्यांना या भागात फार रस वाटला.

आपल्याकडे असं काहीच होत नाही, हा माझा समज मात्र चुकीचा होता. परत आल्यावर वाचलं. सिंधुदुर्गात तरुण संशोधक बरीच वर्षं मच्छीमारांशी बोलून डॉल्फिनचा अभ्यास करत आहेत. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात त्यांना निळा देवमासा दिसला, मादी आणि तिच्याबरोबर पिल्लू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत निळ्या देवमाशाची नोंद जवळपास शंभर वर्षांनी होत होती. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक मोठा देवमासा किनाऱ्यावर येऊन मेला. शंभर वर्षं तो आलाच नव्हता, की येत होता आणि कुणी लिहिलं नव्हतं? कोऱ्या चौकटीवरून हे सांगता येत नाही.

आपल्या मंडळातल्या कुणाला मलला जायचं असेल तर उन्हाळ्यात जा. जाणं जमणार नसेल तरी इथल्या कुठल्याही किनाऱ्यावर एक गोष्ट लक्षात असू द्या. देवमासा किंवा डॉल्फिन जिवंत अडकलेला दिसला तर त्याला घाईने पाण्यात ढकलू नका. ‘ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू’ या संस्थेला फोन करा, त्यांचे प्रशिक्षित स्वयंसेवक देशभर आहेत. ते येईपर्यंत गर्दी लांब ठेवा, अंग ओलं ठेवा आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. एवढं करूनही ते वाचतीलच असं नाही. जुलै २०२४ मध्ये ऑर्कनेच्या सँडे बेटावर ७७ पायलट व्हेल एकाच वेळी किनाऱ्याला लागले. त्यांतला एकही वाचला नाही.

परतीच्या फेरीवर मी ॲप सुरू करून फोन आबांच्या हातात दिला. वारा होता, ते मफलर गुंडाळून कठड्याशी उभे राहिले. डुआर्टचा किल्ला मागे गेला, लिस्मोरचं दीपगृह आलं आणि गेलं. मुलगी दोनदा ओरडली, दोन्ही वेळा तो पाणकावळा होता. ओबनला उतरताना आबांनी फोन परत दिला आणि म्हणाले, “काही दिसलं नाही, असं पाठव.” मी पाठवलं.

सप्टेंबरात ते मालगुंडला परत गेले. तेव्हापासून रोज सकाळी फिरायला जाताना समुद्रावर अर्धा तास बसतात. शाळेतल्या हजेरीपटासारख्या उभ्या-आडव्या रेघा मारलेली वही केली आहे. पावसाळ्यातल्या दिवसांपुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलेलं नाही. तिथे ‘समुद्र खवळलेला, पाहता आलं नाही’ असं आहे. त्या दोन गोष्टी वेगळ्या, यावर ते फार काटेकोर असतात.

आता रविवारचा फोन आला की तब्येत, पाऊस, आंब्याचा मोहोर हे सगळं झाल्यावर माझी मुलगी विचारते, “आबा, वही?” मग ते चष्मा लावतात आणि वाचून दाखवतात. सोमवार, नाही. मंगळवार, नाही. बुधवार, गादे तीन, पैकी एक लहान.

“लहान?” ती दर वेळी विचारते.

“लहान,” आबा म्हणतात. “आईच्या अगदी अंगाला लागून.”