काचपेटीतील समुद्र

ओहोटीच्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावरील खडकांतून हिंडले, म्हणजे ठिकठिकाणी खळग्यांत साचलेले पाणी दृष्टीस पडते. एखादे डबके तर परातीएवढे लहान असते. तरीही त्यात चिमुकले मासे, खेकडे, शंख आणि रंगीत समुद्रपुष्पे सुखाने नांदत असतात. इतक्या थोड्या पाण्यात ही वस्ती जगते कशी? उत्तर सोपे आहे. काही तासांतच भरती येते. ती साचलेली घाण धुऊन नेते, तापलेले पाणी निववते आणि ताजे पाणी व नवे अन्न देऊन जाते. ही भरती दोन-चार दिवस आलीच नाही, तर त्या डबक्यातील बहुतेक जीव मरून जातील. घरात किंवा शाळेत काचेच्या पेटीत समुद्र मांडावयाचा, तर ही गोष्ट प्रथम ध्यानात धरली पाहिजे. त्या पेटीला भरती नाही. भरतीचे काम आपणांसच करावयाचे आहे.

हे काम माणसाने कसे साधले, याची हकीकत मनोरंजक आहे. १८४६ च्या सुमारास इंग्लंडमधील अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनहून समुद्र दूर. रोज नवे पाणी आणणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांची दासी उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतीत असे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे व प्रवाळ जगत. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडण्यात आले. इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील सच्छिद्र दगड, त्यांवरील सूक्ष्म जीवांसह, टाकीत ठेवले तर ते दगडच पाणी शुद्ध राखतात, असे त्यांना आढळले होते. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्राच्या पोटातील जग काचेआडून कसे दिसते, हे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी तेथे प्रथम पाहिले.

आता पेटी कशी मांडावी ते पाहू. नवशिक्याला वाटते, की पेटी जितकी लहान तितके काम सोपे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. घागरभर पाण्यात चिमूटभर घाण पडली तर पाणी बिघडते. तीच चिमूट विहिरीत पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पेटी फार लहान नसावी. ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी पेटी प्रारंभास योग्य होय. हिच्यात ९६ लिटर पाणी मावेल. परंतु दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर सुमारे ८० लिटर पाणी भरता येते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. त्यात काच, दगड व वाळू यांचे वजन मिळवले, तर हे ओझे शंभर किलोग्रॅमच्या वर जाते. तेव्हा पेटी भक्कम व सपाट बैठकीवरच ठेवावी. खिडकीतील ऊन तिच्यावर पडू देऊ नये. नाहीतर पाणी तापते व काचेवर शेवाळ माजते.

पेटीत भरावयाचे पाणी कोठून आणावे? जवळच्या किनाऱ्यावरचे पाणी आणण्याचा मोह होईल. परंतु शहरालगतच्या समुद्रात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे तेथील खारटपणा बराच उतरतो. म्हणून पाणी घरीच तयार करणे बरे. खुल्या समुद्राच्या दर हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. हे क्षार म्हणजे नुसते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात आणि समुद्रातील प्राण्यांना त्या सर्वांची गरज असते. मत्स्यालयासाठी असे मिश्रण तयार मिळते. ८० लिटर पाण्याला दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने २ किलो ८०० ग्रॅम क्षार लागतील. मिश्रणात थोडा ओलावा असतो, म्हणून प्रत्यक्षात किंचित अधिकच घालावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जलचरांना घातक असतो. म्हणून गाळून शुद्ध केलेले, क्षारविरहित पाणी वापरावे. खारटपणा जिभेने ठरवू नये. त्यासाठी हायड्रोमीटर नावाचे उपकरण असते. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १ धरले, तर समुद्राच्या पाण्याचे ते सुमारे १.०२५ भरते. हा आकडा आला, की पाणी योग्य झाले असे समजावे.

पाणी एकदा योग्य झाले म्हणजे ते तसेच राहील, असे मात्र नाही. मिठागरात काय घडते ते तुम्हांला ठाऊक आहे. ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. आपल्या पेटीतही हळूहळू हेच घडत असते. ८० लिटरांपैकी ८ लिटर पाणी उडून गेले, तर उरलेल्या ७२ लिटरांत सगळेच्या सगळे क्षार राहतात आणि खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर चढतो. खुल्या समुद्रात असा फरक दोन-चार दिवसांत कधीच पडत नाही. म्हणून तेथील जीवांना तो सोसत नाही. तेव्हा पाण्याच्या पातळीची खूण काचेवर करून ठेवावी आणि पातळी जितकी उतरेल तितके पाणी रोज घालावे. हे पाणी गोडे असावे, खारे नव्हे. कारण क्षार उडून गेलेले नसतात, गेलेले असते ते केवळ पाणी.

उष्णतेचेही तसेच आहे. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राहील अशी व्यवस्था ठेवावी. थंडीत पाणी गरम करणारे लहानसे विजेचे उपकरण लागते. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते, त्याच कारणाने हे पाणीही निवते. मात्र त्यामुळे पाणी अधिक उडते, हे विसरू नये. एका लहान पंपाने पाणी सतत खेळते ठेवावे, म्हणजे थिनबाईंच्या दासीचे काम तो पंप करील. विजेची जोडणी वडीलधाऱ्यांकडूनच करून घ्यावी. प्रत्येक वायरीला खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खटक्यापर्यंत न पोहोचता खालीच ठिबकेल.

तळाशी वाळू पसरली, सच्छिद्र दगड रचले, पाणी स्वच्छ झाले. आता मासे आणावयास काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती फार मोठी आहे. अनेक नवशिके येथेच घाई करतात आणि त्यांचे मासे आठवडाभरात मरतात. पाणी काचेसारखे नितळ दिसत असते. मग मासे मेले कशाने? कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून, तसेच उरलेले अन्न कुजल्याने, पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. समुद्रात आणि समुद्रातील दगडांवर असे जीवाणू असतात, की ते या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच. पण दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवतात, आणि ते थोड्या प्रमाणात असल्यास माशांना सोसते. शेतात घातलेल्या शेणखताचे पिकाला घेता येईल असे अन्न बनते, तेही याच जातीच्या जीवाणूंमुळे. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जीवाणूंचे कार्य उलगडून दाखवले.

नव्या पेटीत हे कामकरी नसतात. त्यांची वसाहत दगडांच्या छिद्रांत हळूहळू वाढते, आणि तिला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून प्रारंभी मासे न ठेवता पेटीत कोळंबीचा एक लहानसा तुकडा टाकावा. तो कुजू लागला म्हणजे अमोनिया निर्माण होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळते. पाण्यातील हे पदार्थ मोजण्याची साधने बाजारात मिळतात. दर तीन-चार दिवसांनी मोजणी करून आकडे वहीत लिहावेत. प्रथम अमोनिया वाढतो. मग तो उतरतो आणि नायट्राइट वाढते. शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकली, की पेटी राहण्यायोग्य झाली. या काळात पेटीकडे पाहणाऱ्याला वाटते, की येथे काहीच घडत नाही. वास्तविक सर्वांत महत्त्वाचे काम तेव्हाच चाललेले असते.

यानंतर मासे आणावेत, आणि तेही दोनच. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा नवशिक्याला चांगला. समुद्रात तो समुद्रपुष्पाच्या दंशक शुंडकांत राहतो. ती इतर माशांना डसतात, पण त्याला इजा करीत नाहीत. पेटीत मात्र तो समुद्रपुष्पावाचूनही सुखाने राहतो. आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची टाक्यांत पैदास करण्याची पद्धत बसवली आहे. असे पैदास केलेले मासेच घ्यावेत. म्हणजे समुद्रातील मासा कमी होत नाही आणि पेटीत जन्मलेल्या माशाला पेटीतील जीवन मानवते. आणलेला मासा एकदम पाण्यात सोडू नये. त्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग पेटीतले पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळावे आणि नंतर मासा अलगद सोडावा. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे. अधिक अन्न देणे ही माया नव्हे. उरलेले अन्न कुजते आणि त्याचे विषच होते. दर आठवड्यास सुमारे ८ लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे. हीच आपल्या पेटीची भरती.

आता राहिले प्रवाळ. प्रवाळ दगडासारखा किंवा झुडुपासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. किंबहुना हजारो सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते. हे प्राणी समुद्रातील कॅल्शियम घेऊन आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून प्रवाळांना स्वच्छ पाणी व भरपूर प्रकाश लागतो. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंशच वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर ही मैत्री तुटते. शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरे पडतात आणि उष्णता लवकर ओसरली नाही तर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असा प्रसंग आला. प्रवाळांची वाढ मंद असते. मोडलेला खडक पुन्हा उभा राहण्यास अनेक वर्षे लागतात.

म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली पाषाणप्रवाळांना वाघासारख्या प्राण्यांच्या पंक्तीस बसवण्यात आले. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. दुकानदाराने दाखवले तरी प्रवाळाचा तुकडा आपण घेऊ नये. मागणी थांबली तर तोडही थांबेल. त्याचप्रमाणे नकोसा झालेला मासा खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. आपल्या बाजूच्या समुद्रांतील सिंहमासा १९८५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर प्रथम आढळला. पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासून तेथे त्याचा प्रसार झाला असे मानतात, आणि आज तो तेथील लहान माशांचा फडशा पाडीत आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेस, पाण्याखाली प्रवाळांचे एक मोठे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तेथे कोणी पाणी बदलत नाही, क्षार मोजत नाही, दिवा लावत नाही. तरी तेथील जीवन चालूच असते. ऐंशी लिटर पाणी निर्मळ राखण्यासाठी ज्याने महिनाभर वाट पाहिली आणि दर आठवड्यास बादल्या वाहिल्या, त्याला समुद्र रोज किती काम करतो हे कळते. आणि हे ज्याला कळले, तो समुद्रात कचरा टाकताना हात आवरतो.