कानसेन : लेखांक ६ – शुक्रवारचं गाणं

मागच्या आठवड्यात आपण मुखडा आणि अंतरा यांचं नातं पाहिलं. आज विषय वाट पाहण्याचा. नवं गाणं किती आणि कसं वाट पाहायला लावतं, यावर ते आपल्यात किती मुरतं हे बरंचसं ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या आवडत्या गाण्यांत ‘गीतरामायणा’तलं पहिलं गीत फार वर आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून सकाळी पावणेनऊला ते प्रसारित झालं. तेच गीत शनिवारी आणि रविवारीही त्याच वेळी लागे. पुढचं ऐकायचं तर पुढचा शुक्रवार उजाडावा लागे. कार्यक्रम ५२ आठवड्यांचा आखला होता, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतं ५६ झाली.

तीनदा ऐकून, ध्वनिमुद्रिका हाताशी नसताना, चाल लोकांच्या ओठी कशी बसली असेल? हे पहिलं गीत भूप रागात आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे पाचच स्वर. या गीतात आहेत रामाच्या सभेत गाणारे कुश-लव, दोन लहान मुलगे. त्यांच्या तोंडी असे सरळ, मोकळे स्वरच शोभतात. कडवं कुठंही फिरून आलं तरी ध्रुवपदावर येताना कान निर्धास्त असतो. शुक्रवारी ओळख, शनिवारी सवय आणि रविवारी ऐकणारा सोबत गुणगुणू लागतो.

आज नवी गाणी येतात तीही बहुधा शुक्रवारीच. पूर्वी अल्बम ब्रिटनमध्ये सोमवारी तर अमेरिकेत मंगळवारी निघत. एका देशात आधी आलेलं गाणं दुसरीकडे चोरवाटेनं पोहोचायचं. म्हणून १० जुलै २०१५ पासून जगभरच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी शुक्रवार हा एकच वार ठरवला. वार तोच राहिला, पण मधले सहा दिवस गेले. अख्खा अल्बम एका रात्रीत हाती येतो. त्यात स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ऐकलं गेल्याची नोंद होते. साहजिकच सुरुवातीचा वाद्यमेळ आखडता घेऊन थेट गायकाला पुढं आणण्याचा मोह वाढतो.

म्हणूनच अजय-अतुल यांच्या नव्या चित्रपटाची मी आतुरतेनं वाट पाहतो. ‘सैराट’साठी (२०१६) त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथला वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ‘याड लागलं’ ऐका : शब्द येण्याआधीच व्हायोलिनांचा ताफा सगळा अवकाश उभा करतो, आणि मग त्या भव्यतेत गावाकडची साधी बोली उतरते. इतका धीर धरणारे संगीतकार मला हवे आहेत. कौशल इनामदारांकडूनही मराठी कवितांच्या नव्या चाली येत राहाव्यात, ही तितकीच ओढ आहे.

वाचकांसाठी या आठवड्याचा गृहपाठ. शुक्रवारी एकच नवं गाणं निवडा. शनिवारी आणि रविवारी तेच, दिवसातून एकदाच ऐका. मधल्या वेळात ते लावू नका, नुसतं गुणगुणा. गुणगुणताना जिथं अडखळाल ती जागा लक्षात ठेवा. चाल तिथं आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी वळलेली असते, आणि संगीतकाराची खरी करामत बहुधा तिथंच असते. दुसऱ्या दिवशी नेमकी ती जागा कान देऊन ऐका. तीन दिवसांनंतरही गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं, तर ते खुशाल आवडत्यांच्या यादीत घाला.

पुढच्या लेखांकात : गायक थांबतो तेव्हा वाद्यं काय सांगतात?