लुगडं आणि आवाज

गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावानं निघाल्या. १९३० च्या दशकातल्या त्या तबकड्या आज ऐकल्या तर या त्याच बाई, यावर विश्वास बसत नाही. गळा बारीक, टोकदार, वरच्या सप्तकात सहज फिरणारा. पुढे घशाचं दुखणं उद्भवलं, उपचार झाले आणि आवाज खाली उतरला तो कायमचा. आपण ओळखतो त्या गंगूबाई या दुसऱ्या आवाजाच्या. नाव न सांगता रेडिओ लावला, तर कुणी बुवा गातायत असंच नवख्याला वाटेल. बाईंनी तो आवाज लपवला नाही. त्याच्याच भरदारपणावर त्यांनी किराणा घराण्याची संथ बढत उभी केली आणि पुढची कित्येक दशकं ती हुबळीत राहून गायली.

देह, मनाला पटलेली ओळख आणि समाजानं नेमून दिलेली भूमिका या तीन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो. हुबळी-धारवाडच्या परिसरात मात्र त्या वेगवेगळ्या दिसतात, ऐकूही येतात. म्हणून हा विषय इथूनच मांडावासा वाटतो.

आधी देहाचं. लहानपणी मुलाचा आणि मुलीचा गळा जवळजवळ सारखाच असतो. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आपण म्हणतो, आवाज फुटला. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा कंप पावतात, बाई बोलते तेव्हा २०० च्या आसपास. पण ही झाली सरासरी, आणि सरासरीबाहेरची माणसं प्रत्येक गावात असतात.

गर्भातली गोष्टही अशीच. सहा-सात आठवड्यांपर्यंत गर्भाच्या जननग्रंथींना दोन्ही वाटा खुल्या असतात. वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय हा जनुक कामाला लागला की वृषणं घडू लागतात. १९९० मध्ये त्याचा शोध लागला तेव्हा कोडं सुटलं असं अनेकांना वाटलं. ते तितकं सोपं नव्हतं. काहींच्या पेशींत एक्सवाय जोडी असते, पोटात वृषणंही असतात, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नाही. ते बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं. सोळाव्या-सतराव्या वर्षीही पाळी येत नाही म्हणून आई दवाखान्यात घेऊन जाते, तेव्हा कुठे घराला कळतं. अशा मुलीला ‘तू खरी कोण?’ असं विचारणं क्रूरपणाचं आहे. ती आजवर जी होती तीच आहे.

आता भूमिकेकडे वळू. गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे शिष्य मराठी नाटक मंडळ्यांत लुगडं नेसून स्त्रीभूमिका करत. त्या काळी यात नवल नव्हतं. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच मुलखातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत होते. पुढे बालगंधर्वांची लुगडी, त्यांचा अंबाडा आणि गजरे पाहून घरंदाज बायका नटू लागल्या. चालावं कसं, पदर सावरावा कसा, हे बाईनं एका पुरुषाकडून उचललं. बाईपणाचा केवढा भाग शिकलेला, सरावातून आलेला असतो, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही. शाळेत असताना मी ही माहिती गंमत म्हणून वाचली होती. आज तिचं वजन कळतं.

पण पडदा पडला की स्त्रीपार्टी नट लुगडं सोडून धोतर नेसत असे. लोक त्याला बुवा म्हणत, रावसाहेब म्हणत. त्याची भूमिका बदलली तरी ओळखीला धक्का लागत नव्हता.

राहिली ओळख. धारवाडहून चाळीसेक किलोमीटरवर सौंदत्ती आहे. माघी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांची रीघ लागते, भंडाऱ्यानं अंगं पिवळी होतात, ‘उदो गं आई’चा गजर उठतो. त्या गर्दीत जोगप्पा असतात. आपल्याकडे त्यांना जोगत्या म्हणतात. जन्मानं मुलगे, पण लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधून घेतली की लुगडं कायमचं. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची परडी, तोलून नाचायचं, तेही हात न लावता, मान किंचितही न कलंडता. काखेत चौंडकं धरून त्याची तार छेडायची. ढोलकीचा ठेका आणि तारेचा कण्हता सूर एकाच वाद्यातून निघतो. गाणाऱ्याचा गळा मात्र पुरुषाचा, जाड. हिजड्यांच्या घराण्यांत निर्वाणाची, म्हणजे लिंगच्छेदाची, रीत असते, जोगप्पांत ती सहसा नसते. कितीतरी जोगप्पा आपल्या घरच्यांना धरूनच राहतात.

राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मध्ये हे जगणं मराठीत आणलं. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटामुळे ते घरोघर पोहोचलं. त्या कथांत सक्तीही आहे, आणि ती खरीच आहे. केसांत जट आली की देवीनं बोलावलं असं ठरवून पोरांना सोडलं गेलं. देवदासी सोडण्याला कर्नाटकानं १९८२ मध्ये कायद्यानं बंदी घातली ती योग्यच होती. पण सगळ्याच जोगप्पांना कुणी ढकललेलं नसतं. लहानपणापासून ‘मी मुलगी आहे’ असं आतून वाटणाऱ्या पोराला या मुलखात देवीचं एवढं एकच दार उघडं होतं. देवीचं नाव घेतलं की बाप मारायचा थांबत असे.

आतून येणारी ही जाण म्हणजे लिंगओळख. बहुतेक मुलांना ती तीनेक वर्षांच्या वयात येते. कुणाची ती देहाशी का जुळत नाही, याचं एकच एक कारण विज्ञानाला सापडलेलं नाही. हा मनाचा आजार नाही, हे मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या वर्गीकरणात मान्य केलं. एकदा जाड झालेला आवाज इस्ट्रोजेन घेऊन बारीक होत नाही, त्यासाठी बोलण्याचा वेगळा सराव लागतो. म्हणून लुगडं नेसलेल्या व्यक्तीला रस्त्यावर तोंड उघडताच ओळखलं जातं, आणि टवाळी तिथून सुरू होते.

तसाच आवाज गंगूबाईंचा. त्यांची मैफल मात्र दाद घेऊन संपायची, कारण त्या बाई आहेत याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरी त्यांनाही किंमत मोजावी लागलीच. पुरुष गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, पण केसरबाई आणि मोगूबाई बाईच राहतात, हे त्यांनी रोखठोक बोलून दाखवलं होतं. गाणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेल्या गंगूबाईंना २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि ‘बाई’ शेवटपर्यंत बाईच राहिली.

बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. २०२१ मध्ये पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. देशानं टाळ्या वाजवल्या आणि मलाही भरून आलं. त्याच वर्षी कर्नाटकानं सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिलं, असं करणारं ते पहिलं राज्य. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच मान्य केला होता.

पण नोकरीच्या अर्जाला दहावी-बारावीची गुणपत्रिका जोडावी लागते. ज्या वयात आवाज फुटतो, त्याच वयात या मुलांची शाळा सुटते. आठवी-नववीत वर्ग हसतो, कुणी चालण्याची नक्कल करतं, मास्तर कानाडोळा करतात, मुतारीत जायची भीती वाटते आणि हजेरीतलं नाव एक दिवस गळतं. विद्येचं माहेर म्हणवणाऱ्या धारवाडच्या आणि शेजारच्या हुबळीच्या शाळांनी, कन्नड असोत की मराठी, सुरुवात इथून करावी: त्या मुलाला हव्या त्या नावानं हाक मारावी, कडी लागेल असं एक स्वच्छतागृह द्यावं आणि नाव गळण्याआधी एका शिक्षकानं त्याच्या घरी जाऊन यावं.