जुन्या मोटारीचें ‘मिसिंग’: दोष कसा शोधावा?

ज्या शेतकरी बंधूंच्या घरीं प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी पेट्रोलची मोटार अद्यापि आहे, त्यांस ‘गाडी मिसिंग करते’ ही तक्रार नवी नाहीं. चढावर गाडी अडखळते, उभी असतां इंजिन थरथरतें, सायलेन्सरांतून फटफट आवाज येतो आणि पेट्रोल अधिक जळतें. अशा वेळीं पुष्कळ लोक प्रथम कार्बोरेटर उघडवितात. त्यानें भागलें नाहीं म्हणजे कॉइल बदलतात. आणि इतका खर्च होऊनहि दोष तसाच राहतो. ‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ अशांतलाच हा प्रकार होय. वास्तविक हा दोष क्रमानें शोधल्यास तो बहुधा थोड्या साधनांनीं घरच्या घरींच सांपडतो. तो क्रम येथें देण्याचें योजिलें आहे.

फियाट ११०० या इटालियन गाडीपासून निघालेली पद्मिनी मुंबईंत कुर्ला येथें तयार होत असे. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनास चार सिलिंडर असून त्यांत १-३-४-२ या क्रमानें ठिणगी पडते. प्रत्येक सिलिंडरास तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, आणि पुरेसा दाब. यांपैकीं एकहि चुकली कीं तो सिलिंडर काम सोडतो. चार बैलांच्या नांगरांत एका बैलानें अंग चोरावें, तशी मग गाडीची स्थिति होते.

पहिली परीक्षा.— एकच सिलिंडर सतत चुकतो, कीं सर्वच मधून मधून चुकतात, हें आधीं ठरवावें. गाडी उघड्यावर उभी करून हातब्रेक लावावा, गिअर काढावा व पेट्रोल कोठें गळत नाहीं याची खात्री करून घ्यावी. सैल बाही किंवा उपरणें पंख्यापासून दूर ठेवावें. इंजिन बंद असतांना एका प्लगची वायर काढून ती एका जादा प्लगास लावावी, आणि तो प्लग इंजिनाच्या धातूस घट्ट टेकेल असा बांधावा. म्हणजे कॉइलवर ताण येत नाहीं. मग इंजिन चालू करून ऐकावें. चाल अधिक बिघडली, तर तो सिलिंडर काम करीत होता; कांहींच फरक पडला नाहीं, तर दोषी तोच. याप्रमाणें चारहि सिलिंडर तपासावे. इंजिन चालू असतां वायरीस हात लावूं नये, कारण तींतील विजेचा दाब कित्येक हजार व्होल्ट असतो. संगणकानें चालणाऱ्या नव्या गाड्यांवर ही परीक्षा करूं नये.

एकच सिलिंडर चुकत असल्यास.— त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत व शेजारचा त्यांत घालावा. दोष प्लगाबरोबर सरकला, तर नवा प्लग घालणें एवढाच उपाय. न सरकल्यास वायर बदलून पाहावी. काढलेल्या प्लगाचें टोंकहि पुष्कळ सांगतें. फिकट तपकिरी व कोरडें असल्यास ठीक. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त. पांढरें फटक असल्यास पेट्रोल कमी. पेट्रोलनें ओलें असल्यास ठिणगी पडत नाहीं. तेलकट असल्यास रिंगा किंवा व्हॉल्व्हजवळून तेल शिरतें.

सर्वच सिलिंडर चुकत असल्यास.— ज्यास मिस्त्री लोक ‘डेल्को’ म्हणतात, त्याची टोपी उघडावी. आंत ओल, बारीक तडा किंवा काजळीची रेघ असल्यास वीज भलतीकडे जाते. पावसाळ्यांत तर हें कारण प्रथम पाहावें. अंधारांत इंजिन चालू करून दुरून पाहिल्यास गळणाऱ्या ठिणग्या स्पष्ट दिसतात. पॉइंट जळून खडबडीत झाले असल्यास ते बदलावे व त्यांतील फट पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ठेवावी. ती साधारणतः अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् कमी असते. नवे पॉइंटहि लवकर जळूं लागल्यास कंडेन्सरचा संशय घ्यावा. थंड असतां नीट चालणारी गाडी तापल्यावरच मिसिंग करूं लागली, तर कॉइल तपासावी.

पेट्रोलाचा दोष.— इ.स. २०२५ पासून आपल्याकडील पंपांवर सामान्यतः मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें शेंकडा २० इथेनॉल असतें. ऊस पिकविणाऱ्या वाचकांस तें परकें नाहीं. परंतु जुनी मोटार त्यासाठीं घडविलेली नव्हती. इथेनॉलमध्यें मुळांतच प्राणवायु असल्यानें त्याच जेटांतून मिश्रण पातळ होतें. शिवाय तें पाणी शोषून घेतें, आणि पाणी फार झाल्यास इथेनॉलसह वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. म्हणून तळचें थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. दोन थर दिसल्यास टांकी रिकामी करून धुवावी. अर्धवट भरलेल्या टांकीनें गाडी पावसाळाभर उभी ठेवूं नये. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात किंवा चिरतात. त्यांच्या जागीं इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्या.

दाबाचा दोष.— ठिणगी व पेट्रोल निर्दोष ठरल्यावरच दाब मोजवावा. चार आंकड्यांपैकीं एक इतरांहून शेंकडा दहा-पंधराहून अधिक उतरला, तर त्या सिलिंडरांत चमचाभर इंजिनतेल टाकून पुन्हां मोजावें. दाब वाढल्यास रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटलें असण्याचा संभव अधिक. व्हॉल्व्ह उघडविण्यापूर्वीं टॅपेटची फट अवश्य पाहावी; ती फार कमी असल्यास व्हॉल्व्ह पुरा बसत नाहीं व पुढें जळतो.

मिसिंग करणारी गाडी तशीच दामटणें तोट्याचें आहे. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुवून काढतें, खालच्या तेलांत मिसळून तें पातळ करतें, आणि मग प्लगाच्या खर्चाचें दुखणें रिंगांपर्यंत पोंचतें. एका वेळीं एकच भाग बदलावा, त्याचा परिणाम पाहावा व तो वहींत लिहून ठेवावा. मिस्त्रीकडे जावें लागलेंच, तर कोणता सिलिंडर चुकतो, केव्हां चुकतो व काय काय तपासून झालें, हें त्यास सांगतां आलें पाहिजे. असें केल्यानें मिस्त्रीचा वेळ वांचतो, आणि नको असलेल्या सुट्या भागांचे पैसे मालकाच्या खिशांत राहतात.