कॅमेरा ऑफ

कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा विषय काहून, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, वेलांट्या सांभाळून घ्या.)

२०२० मध्ये माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला होता. राज्य सरकार म्हणालं परीक्षा नाही, यूजीसी म्हणालं होणारच. शेवटी २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, परीक्षेशिवाय डिग्री नाही. तोवर हा रोज पुस्तक उघडायचा आणि मिटायचा. आजाराची त्याला फारशी भीती नव्हती, पण अभ्यास करायचा की नाही हेच कळेना! एखादी वाईट बातमी मेंदू पचवतो. काहीच नक्की नसलं की मात्र तो सतत सावध राहतो आणि झोप उडते. त्यात सकाळची बस नाही, मेसची वेळ नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर आणि ठरलेल्या वेळांवर चालतं, तेच बिघडलं. भाऊ पहाटे चारला झोपायचा. घरचे म्हणायचे, आळशी झाला.

राज्यातली कॉलेजं १५ फेब्रुवारी २०२१ पासून उघडायची ठरली, आणि २२ तारखेला आपल्या अमरावती-अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन! पहिल्या वर्षातच जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. तरुणांना झळ जास्त.

आमची बॅच तेव्हा दहावीत. परीक्षा रद्द, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! आम्ही पेढे वाटले. त्याचं बिल बारावीला आलं. तीन तासांचा पेपर समोर आणि हात थरथरताहेत.

पण खरी सवय लागली ती कॅमेरा ऑफ करून हजेरी लावायची. ती इथे नांदगाव पेठेत होस्टेलवरही आली. मागच्या सेमला मी नऊ दिवस रूमबाहेर जवळजवळ पडलोच नाही. रात्रभर हायवेवरचे ट्रक ऐकत पडायचो. ताप नाही, खोकला नाही, मग आजारी आहे असं सांगणार तरी कसं? विंगमधल्यांना वाटलं, पोरगा अभ्यास करतोय.

दहाव्या दिवशी शेजारच्या रूममधल्याने दार वाजवलं, "काहून बे, जेवाले येत नाही का?" मेसमध्ये वरण गार झालं होतं. तिथेच त्याने मला १४४१६ लावून दिला. हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी मार्कांचं काही विचारलं नाही. आधी विचारलं, झोप किती वाजता लागते?