गुलमोहराच्या नावाची आई

व्हिएतनामी भाषेत ‘फुओंग’ म्हणजे पुराणातला फिनिक्स पक्षी, आणि गुलमोहरही. दक्षिण व्हिएतनामात थोरल्या अपत्याला ‘हाय’ म्हणजे ‘दोन नंबरचं’ म्हणतात. ‘हाय फुओंग’ हे इतकं घरगुती नाव असलेला २०१९चा चित्रपट नेटफ्लिक्सवर ‘फ्युरी’ म्हणून आला.

मी तो रोह्यात पाहिला. कुंडलिकेकाठी राहणाऱ्याला त्याची सुरुवात परकी वाटत नाही. मेकाँगच्या मुलखातलं गाव, होड्या, गजबजलेला बाजार, आणि सावकारी वसुलीवर पोट भरणारी, गावानं नावं ठेवलेली एकटी आई फुओंग. लेक माईवर चोरीचा आळ येतो, तेव्हा आईचाही तिच्यावर विश्वास बसत नाही. तेवढ्यात तिला पळवलं जातं. अवयव विकण्यासाठी मुलं पळवणाऱ्या टोळीचा माग काढत आई सायगॉन गाठते आणि अखेरची झुंज धावत्या रेल्वेत होते. कोकण रेल्वेची हद्द जिथून सुरू होते त्या गावच्या प्रेक्षकाला हे दृश्य जरा जास्तच भिडतं.

नायिका न्गो थान्ह वान हीच निर्माती. दिग्दर्शक ले वान किएत. प्रदर्शनानंतर हा व्हिएतनामचा तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला आणि त्या देशानं तो ऑस्करसाठीही पाठवला. त्याचं खरं बळ मारामारीत आहे. फुओंगला बापानं व्होव्हिनाम शिकवलेलं असतं. ही व्हिएतनामी युद्धविद्या न्गुएन लोक यांनी १९३८मध्ये उभी केली. फुओंग मार खाते, दमते, पडते, पुन्हा उठते. प्रत्येक फटक्यामागे तिचं बालपण आणि तिचं गाव असतं.

कथा मात्र पातळ आहे. २००८च्या ‘टेकन’ची आठवण पदोपदी येते. थान्ह सोई ही खलनायिका दिसते जबरदस्त, पण ती अशी का झाली, हे कळत नाही. पळवलेली इतर मुलं गर्दीच राहतात. मला ही उणीव सर्वांत जास्त बोचली, कारण विषयच मुलांच्या व्यापाराचा आहे.

इथं आपला ‘मर्दानी’ आठवावा. प्रदीप सरकार यांचा हा चित्रपट २०१४मध्ये आला. राणी मुखर्जीनं मुंबई क्राइम ब्रँचची शिवानी शिवाजी रॉय साकारली. विषय तोच, मुलींची विक्री. ताहिर राज भसीननं उभा केलेला थंड डोक्याचा तरुण खलनायक व्हिएतनामी टोळीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. आणि शेवटी शिवानी त्याला त्या मुलींच्याच हवाली करते. सुटका झालेल्यांना तिथं चेहरा मिळतो, हातही मिळतात.

पण शिवानी लढते ती इस्रायलच्या क्राव्ह मागानं! नाव ‘मर्दानी’, आणि कोल्हापूरचा मर्दानी खेळ, दांडपट्टा, लाठी, विटा यांचा मागमूस नाही. १९३५मध्ये वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त नादियानं चाबूक उगारला, तेव्हापासून मुंबईच्या पडद्याला लढणारी बाई ठाऊक आहे. तिच्या हातातली विद्या इथल्या मातीची असावी, असा आग्रह मात्र कुणी धरला नाही. व्हिएतनामनं तो धरला, म्हणून कथेत भोकं असूनही फुओंग खरी वाटते.

मराठी दिग्दर्शकांना माझी विनंती आहे: कोल्हापूरच्या तालमीत जाऊन दांडपट्टा फिरवणाऱ्या मुली एकदा बघा, आणि मग पटकथा लिहायला बसा.