सशाचे तापमान

बदली होऊन परगावी निघालेली कुटुंबे जाताना दवाखान्यात भेटायला येतात, मुलांची लसीकरणाची कार्डे मागून घेतात. गेल्या वर्षी मे महिन्यात असेच एक कुटुंब आले, पण त्यांच्याजवळ कार्डाबरोबर जाळीची टोपलीही होती. नव्या शहरात घर मिळेपर्यंत ससा सांभाळाल का, अशी त्यांची विनंती होती. माझा आठ वर्षांचा रुग्ण तेवढे एकच वाक्य बोलला, "डॉक्टरकाकू, दिवाळीत कापूसला न्यायला मी येणार आहे." नाही म्हणणे मला जमले नाही.

सशाविषयीचे माझे ज्ञान गाजराच्या चित्रापुरतेच होते. शहरातील पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत ते चित्र पुसले. सशाचे मुख्य अन्न वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. आतड्याची हालचालही त्या तंतूंवरच चालते. जोडीला थोडा ताजा पाला आणि चोवीस तास पाणी. गाजर गोड असल्यामुळे एखाद्या चकतीपुरतेच. आमच्या अंगणात गणपतीसाठी लावलेल्या दूर्वांना अशा रीतीने दुसरा मानकरी मिळाला. रात्री तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, हे पाहून सासूबाई अस्वस्थ झाल्या. मात्र जीवनसत्त्वे आणि प्रथिने पदरात पाडून घेण्याची ती त्याची नैसर्गिक रीत आहे.

इंदूरचा उन्हाळा त्याच्यासाठी खरा शत्रू. सशाला घाम येत नाही; शरीरातील उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो आणि तापमान तिशीपलीकडे गेले की कासावीस होतो. त्याला घरातील सर्वांत थंड खोली दिली आणि दुपारी बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवू लागलो. आंघोळ मात्र कधीच नाही.

शिकवणे माझ्या अपेक्षेहून सोपे निघाले. ससा शौचासाठी बहुधा एक कोपरा स्वतःच निवडतो. कापूसने कपाटाजवळचा कोपरा धरला, तेव्हा तिथेच वर्तमानपत्र घातलेला पसरट ट्रे ठेवला आणि गवताची जुडी त्याच्या काठाला टेकवली, कारण सशाला खाता खाता विधी उरकण्याची सवय असते. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकायच्या, एवढेच आमचे काम. तीन आठवड्यांत जम बसला. रागावण्याचा उपयोग शून्य. शिकार होणारा प्राणी ओरडण्यातून फक्त भीती शिकतो. उचलून घेणेही त्याला झडप घातल्यासारखेच वाटते. म्हणून मी रोज जमिनीवर बसून वाचत असे. सहाव्या दिवशी त्याने माझ्या पावलाला नाक लावले. पुढे वाटी वाजवून कोथिंबिरीची काडी देत गेले, तसा वाटीच्या आवाजासरशी तो धावत येऊ लागला. उचलावेच लागले तर नवजात बाळाच्या मानेला देतो तसा आधार मागच्या पायांना द्यावा. अधांतरी झाडलेल्या लाथेने सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

जूनमधील एका रात्री कापूस पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला. सकाळपासूनचे गवत तसेच होते, ट्रे कोरडा होता. सासूबाईंनी आदल्या दिवशी प्रेमाने गूळ-पोळी भरवली होती, हे नंतर कळले. मी त्याला टॉवेलमध्ये धरून तापमान घेतले. १०२.६ अंश फॅरनहाइट! तीस वर्षांची सवय जागी झाली. कपाटातून ॲमॉक्सिसिलिनचे सिरप काढले, वजनाप्रमाणे मात्राही मनात काढून झाली. सुदैवाने पशुवैद्यांना फोन लावण्याची बुद्धी झाली.

"मॅडम, आधी ती बाटली खाली ठेवा," ते म्हणाले.

सशाचे १०१ ते १०४ अंश तापमान सामान्यच. आणि तोंडावाटे दिलेले ॲमॉक्सिसिलिन त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारून क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळे करते. त्यातून दगावण्याचाच संभव अधिक. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच वाचले आहे, की शिरेतून देण्याच्या द्रावणात ताप आणणारे द्रव्य नाही ना, हे सशाचे तापमान मोजून तपासत. ते तापमान मुळात किती असते, हे मात्र मी कधी लक्षात ठेवले नव्हते. ‘मनाने औषध देऊ नका’ असे आयांना रोज बजावणारी मी चमचा हातात धरून उभी होते!

ससा बारा तास खात नसेल तर ती आणीबाणीच, म्हणून त्यांनी रात्रीच बोलावले. आतडे अडलेले नाही याची खात्री करून त्यांनी वेदनाशामक व द्रव दिले, मग सिरिंजने पातळ अन्न भरवणे सुरू केले. रात्रभर मला त्या मुलाचे वाक्य आठवत होते. पहाटे सहाच्या सुमारास ट्रेमध्ये तीन लहानशा, वेड्यावाकड्या लेंड्या पडल्या. नवजाताने पहिली शी केल्याची बातमी आईला देताना होतो, तसाच आनंद मला झाला आणि मी घरादाराला उठवले. सासूबाई तोवर देवापाशी बसल्या होत्या.

दिवाळीत मुलगा आला. मी सांगितल्याप्रमाणे तो कापूसला न उचलता जमिनीवर बसला, वाटी मात्र त्याने वाजवली नाही. वीसेक मिनिटे दोघेही आपापल्या जागी होते. मग कापूस कपाटामागून निघाला.